पाळण्यासमोरचं पाल

आईचे दिवस करून सरोजिनी वैरागला परत निघाली होती. सोलापूरच्या एसटी स्टँडवर तिच्या बाकावर मंगळवेढ्याहून गड्ड्याच्या जत्रेला आलेले नवरा-बायको आणि त्याची म्हातारी आई बसली होती. पाल कुठं ठोकायचं, यावर नवरा-बायकोचं जुंपलं होतं.

“नळाजवळच ठोकायचं. गेल्या साली पान्यापायी तुजेच हाल झाले की.”

“नळाजवळ नगं. मोठ्या पाळन्यासमोर ठोका.”

“तितनं चार दिस घागरी वाहशील?”

“वाहीन की. मान मोडली तर माजी मोडंल.”

“अन् पाळन्याचा त्यो भोंगा? झोप लागंल का?”

“झोप घरी हायच.” तिनं सासूकडं मान केली. “आत्यांना आता चालवत न्हाय. निजल्या जागंवरनं त्यास्नी पाळना दिसाया पायजे.”

“आये, तूच सांग हिला.”

“माजं काय बाबा? नळाजवळ ठोका. मला मेलीला आता काय बघायचंय?”

“ऐका! दिवाळीपास्नं रोज इचारत्यात, औंदा पाळना केवढा आसंल म्हून.”

नवरा हसला. “बरं, पाळन्यासमोर. पन पान्याला मी बी येनार.”

म्हातारी सुनेकडं वळली.

“उशाला दोन गाठोडी ठेव गं. एकावरनं पाळन्याचा वरचा डबा दिसायचा न्हाय.”