मागच्या रांगेपर्यंत

माझा जन्म तिरोडा तालुक्यातल्या एका लहान गावचा, वडील दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला जात आणि उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्ता तोडत, घरात शिकलेला मी पहिलाच, आणि माझं अक्षर चांगलं होतं. काय सांगू तुम्हाला, अक्षर चांगलं असलं की पक्ष माणसाला टेबलामागे बसवतो आणि मग तो तिथेच राहतो. मी तीस वर्षं बसलो. ठराव लिहून लिहून माझं बोलणंही ठरावासारखं झालं आहे, घरचे हसतात.

रतिराम आणि मी एकाच वर्षी पक्षात आलो. तो भिंती रंगवायचा, झेंडे बांधायला खांबावर चढायचा, मी पत्रं लिहायचो. धान निघालं की दरवर्षी कोहमाऱ्याला हायवेलगतच्या एका लॉनवर जिल्ह्याचं कार्यकर्ता शिबिर भरतं, दोन दिवसांचं. सत्रं असतात, शिस्त, संघटन, बूथ, पण दुपारच्या सत्रात निम्मे लोक डुलक्या घेतात, कारण खरं शिबिर चहाच्या टेबलाजवळ चालतं, कोण कुणाच्या गाडीतून उतरला, कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. त्या शिबिराचं पहिलं काम म्हणजे शोकप्रस्ताव. वर्षभरात गेलेल्या कार्यकर्त्यांची नावं वाचायची आणि सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहायचं. ती यादी लिहिणारा मी आणि वाचणाराही मीच.

रतिराम बॅनर बांधून उशिरा यायचा, म्हणून मागच्या रांगेत बसायचा, आणि दरवर्षी मला म्हणायचा, काय बे, तू वाचून राहिला की मंतर म्हणून राहिला, माझं नाव येईल तेव्हा जोरानं वाचजो, मांगं आयकू येत नाही. मी म्हणायचो, आधी मर तर.

पंचवीस वर्षांनी त्याने एकदाच पंचायत समितीचं तिकीट मागितलं. ते पंधरा दिवसांपूर्वी पक्षात आलेल्या एकाला गेलं. रतिरामने अपक्ष अर्ज भरला, पडला, आणि पक्षाने त्याला सहा वर्षांसाठी काढून टाकलं. ते पत्र माझ्या अक्षरात होतं. पुढच्याच वर्षी तो काविळीने गेला. मी मौतीला गेलो, पण मागे मागे राहिलो, कुणी पाहू नये अशा बेताने. तरी त्याच्या बायकोने, शेवंताबाईने, मला शोधलं. भाऊजी, शिबिरात ह्यायचं नाव वाचाल न जी, त्यायची मोठी इच्छा होती. मी म्हटलं, वाचीन.

यादीत सात नावं होती, त्याचं चौथं. सकाळी नाश्त्याला आमच्या अध्यक्षांनी, त्यांना सगळे भैयाजी म्हणायचे, यादीवर नजर टाकली आणि म्हणाले, अरे भाई, जिसको हमने निकाला उसका नाम कैसे, आणि पोह्यांवर पुन्हा तर्री वाढून घेतली. रागावलेसुद्धा नाहीत. मी एकही प्रश्न विचारला नाही. खिशातलं पेन काढून नाव मी खोडलं, त्यांनी नाही, हे नीट लिहून घ्या.

मी सहा नावं वाचली. शेवंताबाई दोन एसट्या बदलून आली होती, बायांच्या शेवटच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन दोन मिनिटं उभी होती. मग हात धुवायच्या नळाजवळ मला म्हणाली, तुम्ही गजब हळू वाचता भाऊजी, ह्यायचं नाव मले आयकूच नाही आलं, वाचलं न पण? मी म्हटलं, वाचलं, वाचलं, माइक खराब होता. ती समाधानाने जेवायला बसली. ते समाधान तीन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर आहे.

यंदा भैयाजी स्वतःच गाड्या भरून दुसऱ्या पक्षात गेले. नव्या अध्यक्षांना रतिराम माहीत नाही, यादी ते पाहतही नाहीत. मग मी त्याचं नाव सर्वांत वर लिहिलं. याला धैर्य म्हणू नका, धोका उरला नव्हता तेव्हा मी नाव लिहिलं. शेवंताबाईला फोन केला, शिबिराला या. ती म्हणाली, कायले जी, त्यायचं तर वाचून झालं. म्हणून मला तिच्या घरी जावं लागलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. मी सांगितलं ते सगळं. सूप थांबलं. मंग मी कोनासाठी उभी होती जी, एवढंच ती म्हणाली. मी शिबिराची तारीख पुन्हा सांगितली आणि निघालो.

ती आली, त्याच शेवटच्या रांगेत बसली. मी नाव वाचलं, आणि मागून तिचाच आवाज आला, आयकू नाही येऊन राहिलं. काही जण हसले. मी माइक तोंडाजवळ ओढला आणि पुन्हा वाचलं, रतिरामचं पूर्ण नाव, गावासकट. पोह्यांच्या प्लेटा हातात घेऊन लोक उभे राहिले, दोन मिनिटांनी बसले. ती आणखी थोडा वेळ उभी राहिली, मग पिशवी उचलून एसटीकडे गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, आणि ते योग्यच झालं.

हे काम आता दुसऱ्या कुणाला द्यावं म्हणतो, थकलो आहे. माझं नाव यादीत येईल तेव्हा वाचणाऱ्याला मोठा आवाज असो, आणि त्याचं पेन खिशातच राहो.