खालचा रुमाल, वरचा रुमाल

न्हाई, तुम्ही हसा खुशाल, पण मला एक सांगा, जमिनीच्या खाली वारं येतंय कुठनं? माझी पोरगी भुवनेश्वरी बेंगळुरात मेट्रोच्या तिकिटाच्या खिडकीत बसती, आता खिडकी म्हणायची आपली पद्धत, जमिनीच्या पोटात खिडकी कसली... अन् फोनवर दोन शब्द बोलायली की खोकायली, बोलायली की खोकायली. हिकडं खटकचिंचोळीत तिची माय भागम्मा जेवंना. मला म्हणली, 'तुमी जा, खालची हवा बघा, खराब असली तर पोरगी घेऊनच या.' हवा बघा म्हणं. हवा काय बैल हाय, दात मोजायला?

पण आपली रीत हाय की. जुन्या हिरीत गाळ काढायला उतरायच्या आधी आपण काय करतो? कंदील पेटवून दोरानं खाली सोडतो, इझला तर माणूस उतरत न्हाई. म्हणून मी घरचा कंदील घेतला, दोर घेतला, थेट बेंगळूर. मेट्रोच्या दारात ते यंत्र असतंय, त्याच्यात पिशवी गेली अन् गार्ड ताठ झाला, 'एनिदु अज्जा, हे काय?' मी कन्नडात समजावलं, बाबा, आधी हा उतरंल, मग मी उतरतो. त्यानं साहेबाला बोलावलं, साहेबानं मोठ्या साहेबाला बोलावलं, अन् मी तिघांनाबी तेच इचारलं, साहेब, खाली वारं येतंय कुठनं? एकाला सांगता आलं तर शप्पथ. भुवनेश्वरीनं येऊन हात जोडले तवा सुटलो, कंदील मात्र जप्त.

बरं, गेला तर गेला. मळणीच्या मशीनपाशी आपण ओला रुमाल नाकातोंडाला बांधतो का न्हाई? संध्याकाळी रुमाल सोडला की कळतं, आज छातीत काय काय जाणार होतं. तसाच पांढराधोट रुमाल बांधून फलाटाच्या बाकड्यावर बसलो दिवसभर, अन् तुम्हाला सांगतो, गाडी अजून दिसंना, तवरच बोगद्यातनं वारं यायलंय भसाभसा, मी धोतर सावरायलोय, अन् त्यो मघाचा गार्ड माझं बांधलेलं तोंड बघून परत साहेबाला बोलवायलाय... मी पोरीला इचारलं, अगं, वारं येतंय कुठनं? तर म्हणली, गाडी म्होरलं वारं ढकलत येती, बाकीचं वरनं पंख्यानं आत घेतेत. ब्रेक घासतंय, रूळ घासतोय, ती लोखंडाची बारीक पूड मात्र त्याच्यातच फिरती. मी म्हणलं, मग तू लोखंड खायलीस व्हय गं?

'खाली कमी खोकते अप्पा,' म्हणली, 'रूमवर गेले की जास्ती होतंय.'

आता बोला. दुसऱ्या दिवशी दुसरा रुमाल बांधून तिच्या रूमच्या ग्यालरीत बसलो. समोर रस्ता खोदलेला, टँकर, रिक्षा, शिमिटाचा धुरळा... हितं वारं येतंय कुठनं, हे इचारायची गरजच पडली न्हाई, दिसतच होतं. पोरगी चहा घेऊन आली, शेजारी टेकली, अन् हळूच म्हणली, 'अप्पा, मला नेऊ नका. पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभी हाय मी.' मी रुमालाच्या कोपऱ्यानं डोळं पुसलं, खोटं कामून बोलू. तिला म्हणलं, धुरळा गेला.

घरी येऊन दोन्ही रुमाल भागम्माच्या पुढ्यात टाकले. तिनं चष्मा लावला. खालचा काळा. वरचा त्याच्याहून काळा. मी म्हणलं, झालं, आता ही पोरीला उद्याच्या गाडीनं बोलावती. तेवढ्यात तिनं माझ्या गळ्यातला रुमाल ओढला.

'अन् हा? हा तर नुस्ता कोळसा झालाय. हा कुठला?'

मी काय सांगू? आपल्याच गावाजवळ, मन्नाएखेळ्ळीला हायवेवर गाडी बदलायला थांबलतो, घटकाभर, तवा नाकाला लावलेला.

भागम्मानं तिन्ही रुमाल बाजूला सारले. तिनंच फोन लावला अन् म्हणली, ऱ्हा बाई तिथंच, औषध घे. आता रोज सांजच्याला फोन येतोय. आम्ही दोघं हिकडनं खोकत खोकत तिला इचारतो, तब्येत कशी हाय, अन् ती म्हणती, 'अप्पा, तुमीच या हिकडं, खाली निदान पंखा तरी हाय.'