रविवारचं गोड

व्हय, गोडच हाय अक्का — या, चुलीपाशी बसा — दोन घरं सोडून वास आला म्हंजी भाजतंय बरुबर. काय म्हणला? वरीस व्हायचंय? ठावं हाय मला. पोटचं पोर माझं गेलंय, मला दिस कळत न्हाईत व्हय? संक्रांतीला तीळ भाजला न्हाय, पाडव्याला साखरंची माळ घरात आणली न्हाय — मग आजच का? आज माझी मर्जी. आवं, केक न्हाय, पॅनकेक म्हणायचा आमचा युवराज, मोबाइलवर बघून शिकला — अंडी, दूध, मैदा, गूळ, आन् वर आपल्या बागंतल्या पेरूच्या फोडी. त्याचा वव्हन हाय की, पर सकाळधरनं लाइट न्हाय, म्हणून बिडाच्या कढईत वतलंय — खाली मंद जाळ, झाकणावर इंगळ. लाइटीवाचून आडतंय थोडंच!

दर रविवारी करायचा, दिपाली उठायच्या आत. आई, आज चूल माझी, म्हणायचा. तुमीच न्हाय का म्हणायच्या, सिंधूचं पोरगं बाईलवेडं म्हणून? आता कशाला न्हाय म्हणता, डेअरीवर म्हणला व्हता, आलं माझ्या कानावर. व्हताच बाईलवेडा! बरं केलं लेकरानं. संसार मिळाला उलीसा, तेवढा तरी गोडीत गेला. त्यो गेल्यापासनं पोरगी चिमणीवानी खाती. मी केलेलं पयलं कच्चं निघालं, दुसरं करपलं — एक घास मोडला तिनं आन् ताट सरकवलं. आज खाईल. खायाच पायजे.

पावण्यांसाठी? न्हाय वं, त्यांना पोहे — झालं, बोलून बसले. बरं, आईका आता. पणदऱ्याचं पावणं येणार हायती, दिपालीला बघायला. व्हय, माझ्याच सुनंला! बोंबला की मोठ्यानं. त्याची बी बायकू गेलीया, माणूस बरा हाय. तिला इचारलं का? इचारल्याबिगर बोलवीन व्हय मी? आधी रडली, मग म्हणली, बघू. तुमच्या मालकांना मातुर इचारलं न्हाय, आन् इचारणार बी न्हाय. आन् आणखी आईका — पोहे मी करणार, ट्रे मी नेणार. ती काय मान खाली घालून बश्या वाटणार न्हाय. आधी पोटभर खाईल, मग जाऊन बसंल खुर्चीवर.

थोरल्या जावा तुमी, मान हाय तुमचा — पर दहाव्याला नदीवर काय झालं, इसरला व्हय? पिंड ठेवला, कावळं बाभळीवर बसल्यालं, एक खाली उतरंना. तुमचं मालक म्हणलं, रान सांभाळीन — न्हाय शिवला. म्हणलं, तुझ्या आईला अंतर देणार न्हाय — न्हाय शिवला. मग दिपाली फुडं झाली, हात जोडून म्हणली, मी जलमभर हितंच ऱ्हाईन, तुमच्या नावानं — तवा तर समदं कावळं उडून पल्याडच्या काठाला! शेवटी तुमच्या मालकांनी बिरोबाला अभिषेक बोलला, कावळा शिवला, समदी सुटली. अभिषेकाला न्हाय शिवला त्यो, अक्का. त्याच वक्ताला मी पदराआड बोलले — लेकरा, तुझ्या बायकूला मी पुन्यांदा संसाराला लावीन. आजवर दिपालीला बी सांगितलं न्हाय, आन् तुमाला सांगून बसले. आता तुमीच सांगा, वरीस मोठं का त्याचं मागणं मोठं?

आन् असं माझ्या डोळ्यांकडं बघू नका, धूर हाय चुलीचा. धूर कशाला — रडतीयाच मी. रडत रडत बी करीन, पर करीन.

ही आली बघा. ये दिपाली, बस हितं. झाकण काढते — बघ, कसं फुगलंय! अक्का उठल्याच हायत्या, तू बस. व्हय, त्याच्यावानीच केलंय, पेरू जास्त. सावकाश, चटका बसंल... खाल्लंस? आणखी घे. अक्का, तुमी निघा आता, पोरीला सुखानं खाऊ द्या. आन् जाताना दार लोटू नका — जाऊ द्या वास समद्या आळीत.