गुरुवारची सही

पुन्हा सांगू? परवा त्या कारकुनाला सगळं सांगितलं, त्याने कागद कुठे घातला ते त्यालाच ठाऊक, आणि आता चौकशीला तुम्ही आलात, बाई — म्हाताऱ्याने एकच दळण किती वेळा दळायचं? बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निखळलाय.

मी चौथी शिकलेला. पण विद्यापीठात एकतीस वर्षं काढली — या प्रशिक्षणाच्या हॉलचा शिपाई म्हणून. शिकवणाऱ्यांना शिकवायला इथं आणतात. बढती हवी, नेमणूक हवी, तर असा वर्ग केल्याचा कागद लागतो, आणि कागदासाठी माझ्याकडच्या हजेरीपत्रकावर पाचही दिवसांच्या सह्या. रोजची रोज करायची असते. कोण करतं? पहिल्या सकाळी येतात, पाचही चौकोनांत फर्रकन सह्या ओढतात, आणि जेवणानंतर हॉलमध्ये उरतात अर्ध्या खुर्च्या आणि मी. हसू नका, तुम्हीही केलं असेल.

आता मोठे सर. इतिहास विभागाचे प्रमुख — माझी पोरगी त्यांच्याच हाताखाली शिकवते. शिपायाची पोर फळ्यापुढे उभी राहते हे त्यांच्या डोळ्यांत सलतं. तीन वर्षं ती या वर्गासाठी अर्ज करते, तीन वर्षं तिचं नाव विभागातच खोडलं जातं. वर्ग नाही तर कागद नाही, कागद नाही तर कायमची नेमणूक नाही, आणि तिची मुदत या उन्हाळ्यात संपते. तिसऱ्यांदा खोडलं तेव्हा मी तिथेच होतो, ट्रे घेऊन उभा. सर चार माणसांत म्हणाले, "हिच्या बापाचा चहा सुधारला की पुढच्या वर्षी बघू." सगळे हसले. मीही हसलो, बाई. ते हसू अजून घशाखाली उतरलेलं नाही.

आणि तिच्या जागी कोण आलं? सर स्वतः. बढतीसाठी त्यांनाही तोच कागद हवा होता. सोमवारी आले, पाच सह्या ठोकल्या, माझ्या खांद्यावर थाप मारली — "सांभाळून घ्या, काका." — आणि गेले ते थेट परगावी, लग्नाला. घेतलं की सांभाळून. गुरुवारी वर्गच भरला नाही. हॉल उघडलाच नाही. चाळीस शिकलेली माणसं पायऱ्यांवर ताटकळली, व्याख्यानाला आलेल्या पाहुण्या घड्याळ बघत परत गेल्या, मग एकेकाला आठवलं, अरे, आजची सही तर सोमवारीच केलीय — धावले सगळे माझ्याकडे, खोडून घेतल्या, माझ्याच पेनाने. एकाची राहिली. मी कळवायचं होतं का? मला कोण विचारतं? मी आपला चहावाला. शुक्रवारी पत्रक वर नेऊन दिलं — न भरलेल्या वर्गाला हजर असलेला एकच विद्वान, खाली ठसठशीत सही. त्यात माझं एक अक्षर नाही. तपासा.

का नाही उघडला म्हणता? किल्ली सापडेना. शोधली की — कपाट झालं, खिडक्यांच्या फळ्या झाल्या, जिन्याखालची अडगळ झाली, दोन तास सगळ्यांच्या पुढे मीच वाकून शोधत होतो, वाकलं की कमरेला टोचत होती मेली, तरी —

काय लिहिताय? ते नका लिहू.

बरं, लिहा. लिहा, आता झाकून काय होतंय. निवृत्तीला चार महिने राहिलेत, काढतील तर काढोत. फक्त शेजारी एक ओळ घाला, की किल्ली बापाकडे होती, पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. नाही तर तिचं नाव चौथ्यांदा खोडायला निमित्तच मिळायचं. ती रागावलीय माझ्यावर. म्हणते, "बाबा, तुम्ही त्यांना खाली पाडलंत, पण मी वर कुठे चढले?" पण पश्चात्ताप विचाराल तर — नाही. पुन्हा गुरुवार आला तर पुन्हा तेच करीन.

उठा आता, मला हॉल झाडायचाय. त्या दिवशी चहावरून हसलेले तिघं येऊन गेले, एकेकटे, माना खाली घालून. माफी मागायचा राहिलाय तो एकच — इतिहासाचा विभागप्रमुख.