पित्ताच्या गोळ्या

...अन् वरून मलेच म्हणतात, विमल, तू लयच बाऊ करतं! आता तुम्हीच सांगा, उजव्या बरगडीखाली अशी कळ उठते का श्वास घेता येत नाही, कापूस वेचणीच्या टायमाले पऱ्हाटीच्या ओळीत दुमडून बसली मी, अन् आमचे हे वावराच्या धुऱ्यावरून काय म्हणतात? "पित्तच तं हाये. चहा कमी कर." दोन वर्षं चहा कमी करून राह्यली मी!

मंग एक दिवस उलट्या थांबेनात, तवा नेलं यवतमाळले. सोनोग्राफीत निंगाले खडे. डॉक्टर भला माणूस, समजावून सांगते, "विमलताई, पिशवीतलं पित्त घट्ट झालंय, त्यातल्या चरबीचे खडे झालेत. बारीक आहेत अजून. या गोळीनं पित्त पातळ होईल, खडे हळूहळू विरघळतील. वर्षभर रोज दोन. पण खाडा केला तर खडा राहील, बरं का."

ऑपरेशनचं मले लय भेव. म्हणून गोळ्या डब्यात जपून ठेवल्या, तं आमच्या सुरभीनं डब्यावर लिहून देल्लं, 'आईच्या पित्ताच्या गोळ्या'. झालं! आमच्या मुकुटबन गावात पित्त कोणाले नाही? लग्नाची पंगत उठली का मैनाबाई दारात, "विमल, छातीत जळून राह्यलं वं, एक दे ना." म्या म्हटलं, मावशी, हे खड्याचं पित्त, ते वेगळं. तं म्हणते, "पित्त तं पित्तच असते, त्यात जातीपाती असतात का?" शेजारचे बबनराव तं ढेकर देतच घरात येत. आता दारात आलेल्या माणसाले नाही कसं म्हणाव... अन् सरल्या का आणणारे कोण, तं आमचे हे. "जातो ना सोमवारी. आठ दिवसानं काय होते? पित्तच तं हाये."

वर्षानं पुन्हा सोनोग्राफी. डॉक्टर म्हणते, "खडे वाढलेत ताई. आता पिशवीच काढावी लागेल. गोळ्या रोज घेतल्या ना?" मले रडूच आलं. साऱ्या गावाचं पित्त पातळ केलं म्या, अन् माह्यंच राह्यलं घट्ट!

तेवढ्यात आमचे हे खुर्ची पुढं ओढून म्हणतात, "साहेब, खरं सांगू का, त्या गोळीत दमच नाही. मी रोज घेतो एक, जेवण झालं का. वर्ष झालं, पण माह्यं पित्त जसंच्या तसं हाये."

डॉक्टर माह्याकडं पाहे, मी डॉक्टरकडं. डोळे पुसले अन् म्हटलं, साहेब, मले ऑपरेशनची तारीख द्या, अन् गोळ्याची चिठ्ठी आमच्या ह्यांच्या नावानं लिहा.