लांब बाह्या

मी, टेलरमास्तर (गल्लीत सगळे याच नावाने ओळखतात), वय ७८ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार दवाखान्यामागच्या गल्लीत तळमजल्यावर, पुढच्या खोलीत दुकान. मुलाच्या तक्रारीवरून पोलीस ठाण्यात बोलावल्याने समक्ष हजर राहून सांगतो की,

वरील जागी मी व पत्नी दोघेच राहतो. मुलगा नोकरीनिमित्त परगावी असतो. पत्नीला विस्मरणाचा आजार आहे. दम्यासाठी तिने वर्षानुवर्षे गोळ्या घेतल्या, त्यामुळे व वयामुळे तिची कातडी फार पातळ झाली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. मी जन्मभर मलमल कापली, पण इतके नाजूक कापड माझ्या हाताखालून गेले नाही.

मागच्या हिवाळ्यात न्हाणीघरात तिचा तोल गेला. मी मनगट धरून सावरले. ती पडली नाही, पण हाताची कातडी सरकून फाटली. मी घाबरून वर चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी ती काढताना बाजूची चांगली कातडीही निघाली. आगीतून फुफाट्यात. त्या दिवशी मी दुकान उघडले नाही.

दवाखान्यातल्या नर्सबाई मला फार बोलल्या. "मास्तर, फाटलं की लाव ठिगळ, असं इथं चालत नाही. पापुद्रा कापायचा नाही, ताणायचा नाही. स्वच्छ पाण्यानं धुवा, ओल्या बोळ्यानं हळूच जागेवर सरकवा. वर न चिकटणारी पट्टी, मग सैल बँडेज. त्यावर बाण काढून ठेवा. सोडताना बाणाच्याच दिशेनं, नाहीतर बसलेली कातडी पुन्हा उचकटेल." तेव्हापासून मी तसेच करतो. तिला उठवताना मनगट धरत नाही, पाठीला हात देतो. सकाळ-संध्याकाळ मलम लावतो. नखे कापतो, तिचीही आणि माझीही.

हातांना काही लागू नये म्हणून मी मऊ कापडाच्या लांब बाह्यांची झंपरे शिवली. शिवण आतून घासते, म्हणून ती बाहेरच्या अंगाला घेतली. खुर्चीच्या हातांवर चिंध्यांच्या पट्ट्या गुंडाळल्या.

मुलगा रविवारी आला. भर उन्हाळ्यात मी आईच्या जखमा लांब बाह्यांखाली लपवतो, तिला उलटे कपडे घालतो व पट्ट्यांनी खुर्चीला बांधून ठेवतो, असे त्याचे म्हणणे आहे. बघणाऱ्याला तसेच वाटेल, हे मला आता कळते. तेव्हा कळले नाही. मी आपला माझ्या शिवणकामावर खूश होतो.

त्याने बाही वर सारली व आदल्या आठवड्यात दाराला लागून फाटलेल्या जागेवरचे बँडेज ओढले. मी म्हणालो, "अरे थांब, बाण बघ!"

"कसला बाण? डोकं फिरलंय का तुमचं, बाबा?"

त्याने ते उलट्या दिशेने ओढले. रक्त आले. ते पाहून तो लहान पोरासारखा रडला. त्याला माहीत नव्हते. त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तो त्याच दिवशी आईला त्याच्या घरी घेऊन गेला. गाडीत बसवताना त्याने तिला मनगटाला धरले होते. पाठीला हात दे, असे गाडी निघताना मी मागून ओरडलो, पण काच बंद होती.

निघण्याआधी मुलाने तिला माझ्यासमोर विचारले, "आई, हे कुणी केलं?" ती म्हणाली, "मास्तर." हे खरे आहे, मी नाकारत नाही. तिला स्वतःचे नाव आठवत नाही, मुलाचेही नाही. चहा कुणी दिला, मास्तर. दिवा कुणी घालवला, मास्तर. पाऊस कुणी पाडला विचारा, तरी मास्तरच. तिच्याकडे एवढा एकच शब्द उरला आहे.

आपण तिचा जबाब घ्यायला जाणार आहात, असे कळले. तिला तोच प्रश्न पुन्हा विचारावा. ती इतके दिवस माझ्यापासून लांब कधी राहिलेली नाही. तोही शब्द गेला असेल, याची मला भीती वाटते. ती अजून माझेच नाव घेत असेल, तर माझ्यावर खुशाल गुन्हा दाखल करावा. फक्त ती तसे म्हणाली, एवढे मला कळवावे.

माझा जबाब मी सांगितल्याप्रमाणे लिहून घेतला व मला वाचून दाखवला. मुलाने बँडेज ओढल्याचा मजकूर खोडावा, अशी मी विनंती केली. तसे करता येत नाही, असे मला सांगण्यात आले. बाकी सर्व बरोबर आहे.