एकेका बैलाची योजना

उत्तरेश्वर: ...मंग तुमीच ओढा की मोट, सायब. एका अंगाला माझा बैल, दुसऱ्या अंगाला तुमी.

मार्तंड: ओढली असती, उत्तरेश्वरराव. पण काल येळवशीच्या अमावास्येला ज्या ज्या शेतातून हाक आली, तिथं तिथं जेवलो. भज्जी, उंडे, खीर, वर तांब्याभर आंबील. आज विहिरीपर्यंत चालत आलो हाच पराक्रम.

उत्तरेश्वर: हेच म्हणतोय म्या. तुमी तुळजापूरच्या मास्तरांचे चिरंजीव, शेतकीची डिगरी घेतलेले सरकारी सायब. तरी हाक मारल्याबरोबर चपला काढून बसलाव. आन् ह्यो सिंधातनं आलेला, शेजारच्या रानातला टेकचंद? त्याला म्या हाक मारली, पल्याडच्या रानातल्या दगडाबाईनं मारली. बांधापल्याड उभा राहून हात जोडतो आन् म्हणतो, "जेवून आलो." येळवशीला कुणी घरनं जेवून येतं व्हय? समदं गाव रानात असतं त्या दिशी.

मार्तंड: म्हणून तुम्ही तुमचा बैल मोटेवरून सोडून नेलात.

उत्तरेश्वर: नेला. बैल माझा हाय.

मार्तंड: आणि दुसरा त्याचा. एकट्या बैलानं मोट चालत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी ही अक्कल माझीच. वरिष्ठांपुढं उभा राहून मी म्हणालो, निर्वासिताला जोडी देऊ नका, एकच बैल द्या. ज्या गावकऱ्याचा एक बैल मेलाय, त्याच्या बैलाशी जोडी लावा. विहीर बांधावर पाडा, पाणी निम्मं निम्मं. बैल एका जुवाखाली आले की माणसंही येतील. साहेबांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

उत्तरेश्वर: बैलांचं बेस जमलंय. माझा पवळ्या कालपास्नं हंबरायलाय. सकाळी चरायला म्हणून सोडला, तर मलाच ओढत हितं घेऊन आला. त्यो काय बाभळीला बांधलाय.

मार्तंड: म्हणजे योजना निम्मी यशस्वी.

उत्तरेश्वर: हसू नका. माझाबी गहू वाळायलाय.

मार्तंड: ते बघूनच आलो. पाण्याची पाळी आली, रानाला भेगा पडल्यात. फुटवे यायची हीच वेळ. आत्ता पाणी चुकलं तर पुढं कितीही पाजलं तरी भरून निघत नाही. त्याचंही, तुमचंही. आणि त्याचं हे पहिलंच पीक आहे. ते गेलं तर तो जमीन सोडून पुन्हा कॅम्पात जाईल.

उत्तरेश्वर: जाऊ दे की. गावाचं गायरान व्हतं ते.

मार्तंड: गेला तर गायरान परत देतील तुम्हाला?

उत्तरेश्वर: न्हाय देणार. दुसरा कुणी आणून बसवतील. त्यो कसा निघंल काय ठावं. ह्याची निदान सवय झालीया.

(टेकचंद बांधावरून येतो. मागं दाव्याला बैल.)

टेकचंद: साब, तुम्ही इथंच भेटलात, बरं झालं. हा सरकारी बैल. एकट्यानं मोट चालत नाही. वापस घ्या. संध्याकाळच्या मोटारनं आम्ही येडशीला जातो, तिथून रेल्वे.

मार्तंड: बैल घेऊन मी काय करू, टेकचंदजी? माझ्या खोलीत मीच मावत नाही. आधी सांगा, काल जेवायला का गेला नाहीत?

टेकचंद: तुम्हीच मना केलं होतं.

मार्तंड: मी?

टेकचंद: जमीन दिली त्या दिवशी तुमचं भाषण झालं. पाऊण घंटा. तुम्ही बोललात, कॅम्पातली सवय सोडा. कुणाचं फुकट खाऊ नका. घ्याल त्याची परतफेड करा, तरच गाव इज्जत देईल. मी पाठ केलं ते. शिकारपूरला माझं कापडाचं दुकान होतं, साब. आणि कॅम्पात मी थाळी घेऊन रांगेत उभा राहत होतो. काल घरात परतफेड करायला काही नव्हतं. म्हणून बांधावरच थांबलो.

उत्तरेश्वर: म्हंजी जेवला नव्हतास?

टेकचंद: नाही.

उत्तरेश्वर: आन् बायकापोरं?

टेकचंद: त्यांना भाकर होती. भज्जीचा वास मात्र सगळ्यांना आला.

मार्तंड: माझी समजूत होती की ते भाषण कुणी ऐकलंच नाही.

उत्तरेश्वर: आमी कुठं ऐकलं? आमी लिंबाखाली झोपलो व्हतो. ऐकलं ते ह्या एकट्यानं, आन् त्याचंच वाटुळं झालं.

मार्तंड: नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझा सल्ला तंतोतंत पाळला. परिणाम समोर आहे, दोन घरांचा गहू वाळतोय.

टेकचंद: पण भाई, मला बोलावलंत कशाला? तुमचं गायरान माझ्याकडं आलं.

उत्तरेश्वर: गायरानाचा राग हाय. त्यो वेगळा. येळवशीला रानात दिसंल त्या माणसाला हाक मारायची, त्यो कोण कुठला इचारायचं न्हाय. त्यात फुकट काय? आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात म्या. तू हात जोडलास, तवा मला वाटलं आमचं खायला ह्याला कमीपणा वाटतो.

टेकचंद: मला हे कुणी सांगितलं नाही.

मार्तंड: सांगायचं काम माझं होतं. मी तुम्हाला खत सांगितलं, बियाणं सांगितलं, तांबेऱ्याची लक्षणं सांगितली. येळवस राहिली. मी लहानपणापासून जेवतोय, त्यामुळं ती शिकवायची गोष्ट आहे हे डोक्यातच आलं नाही.

टेकचंद: पुढच्या साली येळवशीला मी माझ्या रानात कडब्याची कोप घालून जेवण ठेवलं, तर तुमचे लोक येतील? माझी घरवाली कोकी करते. कांदा घातलेली जाड रोटी.

उत्तरेश्वर: आमची म्हातारी खायची न्हाय, आत्ताच सांगतो. बाकीची येतील. पर त्यासाठी पुढच्या साली तू हितं असाय पायजेस.

टेकचंद: गहू आला, तर राहीन.

उत्तरेश्वर: मंग बैल आण हिकडं. जू धर त्या अंगानं. कालची आंबील उरलीया, घागरीत हाय. आंबट झाली आसंल.

टेकचंद: आणि परतफेड?

उत्तरेश्वर: मोट हाक आदी. मंग पी.

मार्तंड: तुम्ही जुंपा, तोवर मी दोघांनाही सांगून ठेवतो. गव्हाच्या या अवस्थेत एकदम तुंबवून पाणी द्यायचं नाही. रानातले सारे, म्हणजे वाफे, लहान ठेवायचे, आणि एक सारा पुरता भिजला की...

टेकचंद: भाई, मोट वर आली.

मार्तंड: ...मगच पुढच्या साऱ्याचं तोंड फोडायचं. याचं कारण असं, की मुळांना हवाही लागते, आणि...

उत्तरेश्वर: सायब, जरा बाजूला व्हा. पाटात उभारलाव.